मावळतीनंतरचा वार

वातुकुंबुल, मंगळवार क्लिवोन, ९ जुलै

विदुरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय असं समजू नकोस. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तो मध्येच बंद पडतो आणि मी भिंतीशी बोलत राहते. पत्राचं तसं नसतं. वाचायचं नसेल तर चुलीत घाल. बांडुंगला चूल नसेल तर तिथे कशात घालतात ते तुझं तू बघ.

कामाचं लिहिते. दोन आठवड्यांमागे वाऱ्याने ॲन्टेना पडला. दुरुस्त करणारा 'उद्या येतो' म्हणाला, त्याचा उद्या अजून उजाडलेला नाही. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. शेजारची लास्त्री रोज मालिका बघायला यायची, ती त्या मुंग्यांसमोरसुद्धा तासभर बसून राहिली. ती साठीची झाली तरी मला अजून 'यू'च म्हणते, धाकटी बहीण थोरलीला ताई म्हणते तशी. तीच म्हणाली, यू, विदुरीचा खेळायचा खोका कपाटाखाली पडलाय, त्याला ॲन्टेना लागत नाही.

तू जाताना सगळं नेलंस, तो खोका आणि चकत्यांचं पुडकं तेवढं ठेवलंस. विसरलीस की मुद्दाम, ते मी विचारत नाही.

तुझी आई लांपुंगहून सांगत होती की तू कंपनीत खेळांतल्या चुका शोधायचं काम करतेस. चुका शोधायचा पगार मिळतो हे मला माहीत नव्हतं. मी सत्तर वर्षं फुकट शोधतेय. तर मला सापडलेल्या कळवते, तुझ्या साहेबाला दे.

पहिला खेळ तलवारवाल्या पोराचा. हा गावात शिरतो, न विचारता कुणाच्याही घरात घुसतो, मडकी फोडतो, सापडेल ते खिशात घालतो, आणि घरधनी शेजारी उभा राहून त्याला हवापाण्याच्या गोष्टी सांगतो. याला म्हणे राजकन्या मिळणार. आपल्या गावात याला मार मिळाला असता. त्यातलं वाजवणं मात्र चांगलं आहे. मडकं फोडताना वाईट वाटत नाही, इतकं चांगलं.

दुसरा मारामारीचा. बर्फात एक बाई उभी, अंगावर चार बोटं कापड, आणि थंडी वाजत नाही. आमच्याकडे सध्या सकाळी बादलीत हात घालवत नाही. लास्त्रीला हा खेळ फार आवडतो. ती डोळे मिटून सगळी बटणं एकदम दाबते आणि जिंकते. मी विचार करून दाबते आणि मार खाते. यात नक्की चूक आहे, तपासून घ्या.

तिसरा भीतीचा म्हणून तू मला कधी बघू दिला नव्हतास. बघितला. एक माणूस ओसाड गावात धुक्यातून चालतो आणि घाबरतो. धुक्याला! इथे आठ वाजेपर्यंत सुंबिंग डोंगर नसतोच. बकरी आधी आवाजाने येते, मग पायांनी. माणूस ओळखायचा तर खोकल्यावरून. त्या खेळात मी त्याला भिंतीशी उभा करून ठेवते आणि नुसतं धुकं बघते. लास्त्री म्हणते, दार उघडून बघा की, फुकटचं आहे. दारातलं धुकं आणि पेटीतलं धुकं एक नव्हे. पेटीतलं उठत नाही.

सगळ्यात चांगला विटा पडायचा. रिगेनवर कापलेली तंबाखू पसरायची म्हणजे भोक राहू द्यायचं नाही आणि दाटीही होऊ द्यायची नाही. त्या बांबूच्या चटयांवर चाळीस वर्षं मी तेच केलं, म्हणून मला शिकावं लागलं नाही. हा खेळ खोटं बोलत नाही. कितीही नीट रचा, शेवटी भरतंच. कुणी टाळ्या वाजवत नाही. डोळे मिटले तरी मला त्या विटा पडताना दिसतात, कापसासारख्या, आवाज न करता, आणि मी पडल्या पडल्या त्या जागेवर बसवत राहते.

बाकी ठीक. तीन वर्षं झाली. तुझं आणि तेगुहचं लग्न मी मोडलं नाही, वारांच्या आकड्याने मोडलं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

सिंबाह


वातुकुंबुल, गुरुवार वागे, १८ जुलै

विदुरी,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही तुझ्या जागी असते तर दिलं नसतं.

आज तुझा जन्माचा वार. तांबडी-पांढरी खीर केली, दर पस्तीस दिवसांनी करते तशी. तू नसताना कशाला, असं लास्त्री विचारते आणि दोन वाट्या खाते.

शेतीचा खेळ लावलाय. तो तुझा आवडता होता, चकत्यांत सगळे ओरखडे त्याच एकीवर आहेत. आजोबा मेलेत आणि नातवाला माजलेलं शेत मिळालंय, अशी सुरुवात. आजी कुठे गेली ते सांगत नाहीत. खेळ करणाऱ्याला सिंबाह म्हणायला आजीच नसावी.

शेत म्हणावं तर हसू येतं. कंद चार दिवसांत तयार. कीड नाही, दलाल नाही, पाऊस आला तर ढग आधी कळवून येतात. तंबाखू तर नाहीच. पण नांगरताना पोर दमतं आणि मटकन खाली बसतं, ते खरं वाटलं. कोंबडीला दाणा घालायचा राहिला तर ती दुसऱ्या दिवशी तोंड फिरवून बसते. लास्त्री म्हणाली, हिला तुमच्याकडूनच आणली असेल.

लग्नाचं बघितलं. मुलीला रोज फूल नेऊन द्यायचं. हृदय रंग बदलत जातं आणि एक दिवस लग्न. कुणाच्या आजीला विचारायचं नाही, कुणी वार मोजायचा नाही. हा खेळ तुला का आवडायचा ते कळलं.

मोजणार तरी कशावर? त्यांच्याकडे बाजारवारच नाहीत. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, पाचांतल्या एकाचाही पत्ता नाही, नुसते सोमवार-मंगळवार. नुसत्या सोमवारवर काय जुळतं? आणि वार बदलतो सकाळी सहाला. हे मी डोळ्यांनी बघितलं. सूर्य डोंगरामागे गेला, शेत निळं झालं, मग काळं झालं, दिवे लागले, आणि कोपऱ्यात अजून गुरुवारच. मी म्हटलं, ही घोडचूक आहे, हिला पत्रात पहिलं लिहिते. मगरिबची अजान झाली की शुक्रवार लागला, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

लास्त्री खिरीची वाटी चाटत होती. म्हणाली, "यात काय, यू. तुमची विदुरीसुद्धा दिवे लागल्यावरच आली की. आणि कागदावर गुरुवारच राहिला."

लास्त्रीला बोलायला काही लागत नाही. ती काय, तुझ्या जन्माच्या वेळी पाणी तापवत होती, एवढंच.

बटाटे भाजायचे आहेत. थांबते.

सिंबाह


वातुकुंबुल, शुक्रवार वागे, २ ऑगस्ट

विदुरी,

बटाटे नव्हते. मला थांबायचं होतं म्हणून थांबले.

आधी खेळांचं. फुटबॉलचा लावला. लास्त्री चेंडूकडे बघतच नाही, माणसांकडे बघते आणि त्यांना पाडते. लाल कागद दाखवला की ती त्या पंचाला आईवरून बोलते. गाड्यांच्या शर्यतीचा मला जमत नाही. मी उलट्या बाजूला जाते. पण उलट्या बाजूला समुद्र लागतो, कुणी नसतं, आणि गाडी वाळूवर नेऊन उभी केली तरी सूर्य मावळायच्या बेतातच राहतो, मावळत नाही. मी तिथे बराच वेळ थांबले होते. तो मावळला असता तर बरं झालं असतं.

आता बाकीचं. तुझ्या जन्माच्या दिवशी सुईणीने कागद दिला त्यावर गुरुवार. सरकारी कागद, तो रात्री बारापर्यंत गुरुवारच म्हणणार, त्याचा दोष नाही. मी तो बघून कपाटाच्या दाराला आतून खडूने 'गुरुवार वागे' लिहिलं. मग बावीस वर्षं दार उघडलं की तेच वाचलं. तू मात्र आलीस मगरिब उलटल्यावर. म्हणजे शुक्रवार. म्हणजे क्लिवोन.

गुरुवारचा आकडा आठ, वागेचा चार, म्हणजे गुरुवार वागेचे बारा. तेगुह सोमवार पाहिंगचा, त्याचे तेरा. मिळून पंचवीस, आठाने भागले की एक उरतो, आणि एक म्हणजे ताटातूट. तेगुहचे आजोबा, आई, काका सगळे सिंदोरो डोंगराच्या अंगावरून उतरून तुला मागणी घालायला आपल्याकडे चटईवर बसले होते, तेव्हा मी हेच सांगितलं. शुक्रवार क्लिवोनचे चौदा. चौदा आणि तेरा सत्तावीस. उरतात तीन.

तीन म्हणजे जोडी. तुला माहीत आहे.

चूक झाली. चुका शोधायचं तुझं काम, ही तुलाच सापडायला हवी होती.

हे आत्ता का लिहितेय, तर बाजारात तेगुहची काकी भेटली. तंबाखूची कापणी सरली की ते लोक पारकानच्या एका मुलीला मागणी घालायला जाणार आहेत. एक सप्टेंबर, रविवार. मुलगी चांगली आहे म्हणाली. असेलही. मी दोन किलो मिरच्या घेतल्या, मला पाव किलो हव्या होत्या.

सिंबाह


वातुकुंबुल, बुधवार लेगी, १४ ऑगस्ट

विदुरी,

'चूक झाली' असं लिहिलं आणि पत्र पेटीत टाकून आले. तेव्हापासून खेळात मन नाही. लास्त्रीने एकटीने तलवारवाल्या पोराला तिसऱ्या गावात नेलं, तिथे तो मेला, पुन्हा उठला, पुन्हा मेला. हे लोक इतके वेळा मरतात की त्यांना मेल्याची लाजच राहिलेली नाही.

पुडक्याच्या तळाला एक चकती होती, चित्र पुसलेलं. लावली तर नदी. एक होडी, एक गळ. गळ टाकायचा आणि बसायचं. मासा येतो किंवा येत नाही. पाणी हिरवं, त्यावरून वाफ जाते, कधीतरी बगळा एक पाय बदलतो. लास्त्री म्हणाली, हा बिघडलेला दिसतो. बिघडलेला नाही. सगळ्या पुडक्यात हाच एक आहे ज्याला माझ्याकडून काही नको आहे.

दुपारी तशीच डुलकी लागली. होडी इथेच होती, आपल्या अंगणाच्या वर, धुक्यावर तरंगत. खाली सगळं पांढरं, घरं नाहीत, मळे नाहीत. समोर सिंदोरो पलीकडच्या काठासारखा. तू पुढे बसलेली, पाच-सहा वर्षांची, पाय पांढऱ्यात सोडून. मागे न बघता तू विचारलंस, सिंबाह, आज वार कुठला? मला येत होता. तोंड उघडलं तर त्यातून नुसती वाफ आली. तू पुन्हा विचारलं नाहीस.

म्हणून लिहिते. ती चूक नव्हती. म्हणजे चटईवर सगळे बसले होते तेव्हा चूक होती. पंचवीस म्हटलं ते मी खरं समजून म्हटलं. पण ते लोक उठून गेले, ग्लास तिथेच पडले होते, चहावर साय धरलेली, आणि मगरिबची अजान झाली. मला अंगावर काटा वगैरे काही आला नाही. नुसतं आठवलं. तुझ्या आईने माझा हात इतका दाबला होता की बांगडी वाकली. खिडकीतून लोक मशिदीतून परतताना दिसत होते. मग तू रडलीस. नमाज उलटून गेला होता, विदुरी. मी तिथे उभ्या उभ्या बेरीज केली. तीन आले.

मी ग्लास उचलले. विसळले. पालथे घातले.

तू भिंतीपलीकडे होतीस. रडतसुद्धा नव्हतीस. दोन दिवस तू घरात होतीस, म्हणजे दोन दिवस माझ्या हातात होते. तिसऱ्या सकाळी तू गेलीस आणि मी म्हटलं, आकड्यापुढे कुणाचं काय चालतं.

का गप्प बसले ते सांगते. गावातली अर्धी लग्नं माझ्या मोजण्यावर लागलीत. ज्यांच्यासमोर ठासून बोलले त्यांच्याकडे जाऊन 'मला वारच कळला नाही' म्हणायचं, ते जमलं नाही. हे एक. दुसरं, तेगुहचं घर पलीकडच्या डोंगरावर. तू तिकडे गेली असतीस. तू जाऊ नयेस म्हणून मी बोलले नाही, आणि तू त्याहून लांब गेलीस. हे लिहिताना मला हसू आलं. लास्त्रीने काय झालं म्हणून विचारलं, मी म्हटलं काही नाही, खेळात मेले.

माफ कर असं लिहीत नाही. ते मला लिहायला सोपं जाईल आणि तुला वाचायला अवघड.

सिंबाह


वातुकुंबुल, मंगळवार पाहिंग, २० ऑगस्ट

विदुरी,

काल सिंदोरोवर जाऊन आले. लास्त्रीला नेलं नसतं, पण ती आधीच टोपल्यांच्या गाडीत जाऊन बसली होती.

त्यांच्याकडे ऐन कापणी. ओसरीभर सगळे बसलेले, कुणी पानं गुंडाळतंय, कुणी कापतंय, सुरी थांबत नाही. तेगुहची आई रुमिनी, तिने बघितलं आणि बस म्हटलं नाही. तेगुहच्या आजोबांनी, म्हाताऱ्या कार्सोने, मात्र चहा सांगितला. मी बसले नाही. बसले असते तर पायांनी मला पुन्हा उठू दिलं नसतं.

तीन वर्षांमागे जे चटईवर होते तेच सगळे असावेत अशी माझी इच्छा होती. एक काका मळ्यात होता, त्याला बोलावून घ्यायला लावलं. तो चिखलाच्या पायांनी आला. मग मी म्हटलं, "विदुरीचा वार मी चुकीचा सांगितला. ती मगरिबनंतरची आहे. शुक्रवार क्लिवोन."

कार्सो बोटांवर मोजायला लागला. त्याला गरज नव्हती, त्याला हे तोंडपाठ आहे. तरी सावकाश मोजलं. तिसऱ्या बोटावर अंगठा थांबला आणि सुऱ्याही थांबल्या. धुकं ओसरीपर्यंत आलं होतं, कापलेल्या तंबाखूवर पाण्यासारखं सरकत होतं, आणि ती सगळी माणसं मला दूर दूर दिसायला लागली, जणू मी त्यांना कुणाच्या तरी पेटीत बघतेय आणि माझ्या हातात एकही बटण नाही.

रुमिनी म्हणाली, "तीन वर्षं तुम्हाला सूर्य बुडताना दिसला नाही का, सिंबाह?"

मी म्हटलं, "पहिल्याच संध्याकाळी दिसला. मी तोंड फिरवलं."

त्यावर ती काय काय बोलली ते लिहीत नाही. सगळं बरोबर बोलली. कार्सो म्हणाला की हे या ओसरीबाहेर जाऊ नये, तुमच्या शब्दाला गावात मान आहे. मी म्हटलं, माझ्यासोबत लास्त्री आली आहे, खाली पोचेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल. लास्त्री वाटभर माझ्याशी बोलली नाही. गाडीवाल्याशी बोलली, आणि त्याला सगळं सांगितलं. आज सकाळी वरच्या आळीतली एक बाई आली होती, तिच्या मुलाच्या लग्नाचा वार पुन्हा मोजून द्या म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसून स्वतःही मोजत होती. बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.

तेगुहही ओसरीवर पानं गुंडाळत होता. आम्ही गाडीशी आलो तेव्हा मागून आला. हात तंबाखूच्या चिकाने काळे, ते तो पाठीमागे धरून उभा. बारीक झालाय. पारकानला त्याने अजून हो म्हटलेलं नाही, घरचे म्हणताहेत. मला म्हणाला, "तिचा पत्ता द्या."

पत्ता माझ्या चोळीत होता. तुझ्या आईने दिलेला, ज्यावर हे पत्र येतंय तोच. मी हात घातला, पण कागद बाहेर काढला नाही. त्याला म्हटलं, "एकदा तिला न विचारता तिचं ठरवलंय मी. पुन्हा नाही."

तो म्हणाला, "मग विचारा."

म्हणून विचारते. पत्ता देऊ की नको? एक सप्टेंबरला ते पारकानला निघतील, त्याच्या आत हवं. माझ्याशी बोलू नकोस, लास्त्रीच्या फोनवर एक शब्द पाठव, तिचा नंबर पाकिटावर लिहिलाय. तीन उरले म्हणून तू त्याच्याकडे यायलाच हवं असं काही नाही. बांडुंगला तुझं कुणी असेल, किंवा कुणी नको असेल, ते मला सांगायची गरज नाही. माझ्याकडे यावंस असं तर मी म्हणतच नाही.

तुझं उत्तर आलं तर ते आहे तसं त्याला सांगेन. नाही आलं तर ते निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पुन्हा वर जाईन आणि सांगेन की उत्तर आलं नाही. 'ती नको म्हणाली' असं म्हणणार नाही, 'तिला थोडा वेळ हवा असेल' असंही म्हणणार नाही. तुझ्या वतीने मी आता काहीच म्हणणार नाही. आजीपण सांगणारं 'सिंबाह'ही आज खाली लिहीत नाही, नुसतं माझं नाव लिहिते.

सुकार्मी